जामीन: भीमाकाठचा आणि जपानचा

भीमेच्या काठी कर्ज काढणे जितके जुने, तितकेच दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहणेही जुने. जुन्या दप्तरांत जामिनाचे निरनिराळे प्रकार आढळतात: रकमेची हमी देणारा तो मालजामीन, मनुष्याला नेमल्या वेळी कचेरीत हजर करण्याची जोखीम पत्करणारा तो हाजिरजामीन, आणि त्याच्या वर्तणुकीबद्दल उत्तरदायी राहणारा तो फेलजामीन. जपानमधील भाषाशाळेचा अर्ज आज भीमेवरील उजनी धरणाच्या काठच्या एखाद्या शेतकऱ्याच्या मुलाने भरावयास घेतला, तर त्याच्यापुढे जो हमीदाराचा प्रश्न उभा राहतो त्यात या तिन्ही जामिनांचा अंश असतो. मात्र त्यांतला कोणता केव्हा प्रबळ झाला आणि कोणता केव्हा मावळला, याचा इतिहास दोन्ही देशांत सारख्या वळणाने गेलेला नाही.

आपल्याकडे आरंभी जामीन म्हणजे मनुष्याची पत. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली आणि तो वणवा इंदापूर, शिरूरपर्यंत पसरला, तेव्हा माणसाच्या शब्दावरून कागदावर गेलेला व्यवहार रयतेला किती जाचक वाटत होता, हे सरकारला उमगले. १८७९ चा दख्खन कृषक साहाय्य कायदा पुणे, सातारा, नगर व सोलापूर या जिल्ह्यांना लागू झाला, तो याच उमजेतून. पुढे १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्याने ग्रामीण संस्थांत सभासदांची जबाबदारी अमर्याद ठेवली. म्हणजे एकाचे कर्ज बुडाले तर साऱ्या सभासदांनी ते भरावे, अशी ती सामुदायिक हमी होती. सोसायटीच्या कर्जाला आजही दोन जामीनदार लागतात, आणि त्यातल्या त्यात शाळामास्तर, एस.टी.चा चालक किंवा कारखान्यातला कामगार यांना मागणी अधिक, याचे कारण उघड आहे: १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमान्वये त्यांच्या पगारातून परस्पर कपात करता येते.

धरणाने या व्यवहाराला आणखी एक गाठ मारली. १९८० च्या सुमारास उजनी पूर्ण झाले आणि त्याच्या यशवंतसागर जलाशयाच्या फुगवट्याखाली करमाळा, इंदापूर, दौंड व कर्जत तालुक्यांतील भीमाकाठची सुपीक जमीन गेली. विस्थापितांना पर्यायी जमिनी मिळाल्या, परंतु त्यांच्या सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग दोनचा शिक्का बसला आणि हस्तांतरणास पूर्वपरवानगीची अट आली. ज्यांची जमीन काठावर उरली त्यांनी धरणाच्या पाण्यावर ऊस आणि केळी पिकवून घरे बांधली. करमाळा तालुक्यातील कंदरची केळी परदेशी जाऊ लागली. संपत्ती आली, पण ती कागदावर पुरती उमटली नाही.

इकडे हे घडत असता जपानमध्ये हमीदाराची चाल वेगळ्याच निमित्ताने बदलत होती. १९८३ मध्ये पंतप्रधान नाकासोने यांच्या सरकारने एकविसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत एक लाख परदेशी विद्यार्थी आणण्याचा संकल्प सोडला, पुढच्याच वर्षी भाषाशाळांत येणाऱ्यांसाठी प्रवेशाची रीत सैल केली, आणि भाषाशाळांचे पेव फुटले. विद्यार्थ्यामागे जपानमध्ये राहणारा एक हमीदार असावा, त्याने खर्चाची, वर्तणुकीची आणि परतीची जबाबदारी घ्यावी, ही अट होती. परंतु जेथे ओळखीचे कोणीच नाही तेथे हमीदार आणावा कोठून? साहजिकच पैसे घेऊन नाव देणारे दलाल निपजले. १९८८ मध्ये शांघाय येथे शुल्क भरूनही परवाना न मिळालेल्या हजारो अर्जदारांनी जपानी वाणिज्य दूतावासाला वेढा घातला, तेव्हा या व्यवस्थेतला फोलपणा जगजाहीर झाला. अखेर डिसेंबर १९९६ मध्ये प्रवेशासाठी वैयक्तिक हमीदाराची सरकारी अट रद्द करण्यात आली.

अट गेली, पण जामीन गेला नाही. तो फेलजामिनाचा मालजामीन झाला. तेव्हापासून विचारले जाते ते हे की, खर्च कोण उचलणार आणि त्याच्याजवळ तो पैसा आला कोठून? जपानमधील परदेशी विद्यार्थ्यांची संख्या २००३ मध्ये एक लाखाच्या वर गेली, २०१९ मध्ये तीन लाखांच्याही पुढे, आणि या वाढीबरोबर तपासणीही काटेकोर होत गेली. निवासपात्रतेच्या दाखल्यासाठी अर्ज करताना खर्च उचलणाऱ्याचे हमीपत्र, बँकेतील शिल्लक, नोकरीचा वा व्यवसायाचा पुरावा आणि उत्पन्नाचे व कराचे कागद मागितले जातात. शिल्लक कशी साठली हे दाखविणारे काही वर्षांचे पासबुकही अनेकदा लागते. कौशल्यधारक कामगार म्हणून २०१९ पासून जी नवी वाट खुली झाली तिच्यात मालकाचा करार पुढे असतो; विद्यार्थ्याच्या मागे मात्र बापच असतो.

आता उजनीकाठच्या चिखलठाण किंवा वांगीच्या एखाद्या घरी हे कागद मांडून पाहावेत. बापाचे उत्पन्न शेतीचे, आणि ते आयकर कायद्यान्वये करमुक्त. तेव्हा कराचा दाखला येणार कोठून? तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आहे, पण तो मुलीच्या अभियांत्रिकीच्या शुल्कसवलतीसाठी काढलेला, म्हणजे आठ लाखांच्या मर्यादेच्या आत बसेल असा आकडा दाखविणारा. त्याच बापाला त्याच कचेरीतून आता भरघोस आकड्याचा दाखला हवा असतो! केळीच्या व्यापाऱ्याची पट्टी साध्या कागदावर, अर्धा व्यवहार रोखीचा. मासेमारीवर जगणाऱ्या भोयांच्या घरी तर पट्टीही नाही. त्यातल्या त्यात सुस्थितीत असतो तो ऊस घालणारा, कारण कारखान्याचे बिल त्याच्या खात्यात जमा होते, आणि सोसायटीची वसुली वजा होऊन उरलेली रक्कम का होईना, तारीखवार नोंदलेली असते.

या अडचणीतून जी पळवाट निघते ती जुन्या सावकारीचीच नवी पिढी होय. व्याजाने रक्कम आणून ती महिनाभर खात्यात ठेवावी, शिल्लकेचा दाखला काढावा आणि रक्कम परत करावी, असे सुचविणारे मध्यस्थ भेटतात. परंतु पासबुक हा मोठा प्रामाणिक साक्षीदार आहे. वर्षभर काही हजारांत रांगणारे खाते एका सकाळी पंधरा लाखांवर उभे राहिले, तर परक्या अधिकाऱ्याच्याही ते नजरेत भरते. अर्ज नामंजूर होतो, आणि व्याज मात्र घरी राहते.

भाडेकराराच्या वेळी जपानमध्ये हमीदार पुन्हा भेटतो. तेथे घरभाड्याला जामीन लागतो, व तो नसल्यास हमी देणाऱ्या कंपनीला शुल्क मोजावे लागते. पण तेथील दिवाणी कायद्यात एप्रिल २०२० पासून मोठा बदल झाला: भाड्याच्या हमीसारख्या पुढे वाढत जाणाऱ्या देण्याला कोणी व्यक्ती जामीन राहिली, तर तिच्या जबाबदारीची कमाल रक्कम करारात लिहिलीच पाहिजे, अन्यथा हमी निष्फळ. आपल्या १८७२ च्या करार कायद्याचे कलम १२८ याच्या उलट, वेगळे ठरले नसल्यास जामीनदाराची जबाबदारी ऋणकोइतकीच धरते. आणि आपल्या पतसंस्थांच्या छापील कागदांत वेगळे काही ठरविण्याची सोय सहसा नसते.

जपानच्या या वाटचालीतून उजनीकाठाने घेण्यासारखे काही असेल तर ते हेच. माणसाच्या शब्दावरची हमी हटवून पैशाच्या उगमावर बोट ठेवणे न्याय्य आहे, कारण त्यामुळे शेजाऱ्याच्या घरावर जप्ती येत नाही. परंतु तो न्याय त्यालाच मिळतो, ज्याच्या घामाची नोंद झालेली असते. मुलाने जपानी लिपी गिरवावयास घेतली, त्याच हंगामापासून बापाने केळीची रक्कम खात्यावर घ्यावी, पट्ट्या जपून ठेवाव्यात, आणि दाखल्यांवरील आकडे एकमेकांशी भांडणार नाहीत याची तजवीज करावी. एवढे केले तर त्याला गावात कोणाचे दार ठोठावावे लागणार नाही. आणि न केले तर दोन जामीनदार मिळूनही उपयोग नाही.