पेसमेकर बसला, आता काय काय चालतं?

भेटायला येणारा प्रत्येक जण विचारतो, बॅटरी किती वर्षं चालेल? साधारण आठ ते बारा. संपत आली की तपासणीत आधीच कळतं. मग कातडीखालची डबी बदलतात, वायरी बहुधा त्याच राहतात. पण तेवढ्या वर्षांत मला काय काय करता येईल, हे कुणी विचारत नाही.

जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीत मी वेल्डिंग केलं. निवृत्तीनंतर नाडी चाळिशीच्या खाली गेली, जिन्यावर अंधारी यायची. हृदयाच्या वरच्या कप्प्यातला विजेचा संदेश खाली पोचत नव्हता. याला हार्ट ब्लॉक म्हणतात. माझं दोन वायरींचं यंत्र वरच्या कप्प्याचा वेग ओळखतं आणि खालच्याला त्याच चालीनं चालवतं. म्हणून भेडाघाटला चौसष्ट योगिनी मंदिराच्या पायऱ्या आता मी चढतो, बरोबरीच्यांना मागे टाकून!

घरच्यांनी मात्र मला मिक्सर, टीव्ही, मायक्रोवेव्ह सगळ्यांपासून लांब बसवलं होतं. हे सगळं चालतं. मोबाइल यंत्रापासून सहा इंच लांब हवा, शर्टाच्या खिशात नको. इंडक्शनच्या शेगडीपासून दोन फूट. डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, तेही पहिले चार-सहा आठवडेच. भीतीनं हात जखडून ठेवला तर खांदा आखडतो, आणि हे दुखणं यंत्राचं नसतं.

आर्क वेल्डिंग मला सोडावं लागलं. त्या जबर चुंबकीय क्षेत्रात यंत्राला वाटतं की हृदय आपणहून चाललंय, आणि ते गप्प बसतं. हातातली कला गेली, याचं दुःख अजून आहे.

अशा वेळी मला आर्ने लार्सन आठवतात. 8 ऑक्टोबर 1958 रोजी स्वीडनमध्ये शरीराच्या आत बसवलेला जगातला पहिला पेसमेकर त्यांचा. तो काही तासांतच बंद पडला. पत्नीनं डॉक्टर सेनिंग आणि इंजिनिअर एल्मक्विस्ट यांचा पिच्छा पुरवला होता म्हणून तो झाला तरी. पुढे लार्सननी 26 यंत्रं वापरली, डॉक्टर-इंजिनिअर दोघांच्याही मृत्यूनंतर जगत राहिले आणि 2001 मध्ये 86 व्या वर्षी कर्करोगानं गेले.

मुलाला एक गोष्ट सांगितली, तेव्हा तो उठूनच गेला. मी गेल्यावर ग्वारीघाटाच्या स्मशानात नेण्याआधी डॉक्टरांकडून हे यंत्र काढून घ्यायचं, चितेच्या आचेत लिथियमची बॅटरी फुटते. "बाबा, असं अशुभ बोलू नका," म्हणाला. मी पुन्हा सांगितलं, सूनबाईलाही सांगितलं. पेसमेकर असलेल्या प्रत्येक घरात हे माहीत असायला हवं.