मागेल त्याला काम

आमदार हा शब्द आपण नेहमी ऐकतो. पण आमदाराचे खरे काम कोणते, असे कुणी विचारले तर आपण काय सांगू? कुणी म्हणेल, रस्ता आणतो तो आमदार. कुणी म्हणेल, अडीअडचणीला चिठ्ठी देतो तो आमदार. कुणी म्हणेल, लग्नाकार्याला येतो तो आमदार. यात खोटे काही नाही. पण हे सारे वरकड काम झाले. आमदाराचे मुख्य काम म्हणजे राज्याचे कायदे करणे, आणि सरकारचा पैसा कुठे खर्च व्हावा यावर लक्ष ठेवणे.

आपल्या राज्यात कायदे करणारी दोन सभागृहे आहेत. एक विधानसभा. तिचे २८८ आमदार आपण मते देऊन निवडतो. दुसरी विधानपरिषद. तिचे ७८ आमदार. त्यांना आपण थेट निवडत नाही. काहींना विधानसभेचे आमदार निवडतात. काहींना जिल्हा परिषदा आणि नगरपालिका यांचे सभासद निवडतात. काही पदवीधरांचे असतात, काही शिक्षकांचे. काहींना राज्यपाल नेमतात. कायदा व्हायचा तर त्याचा मसुदा दोन्ही सभागृहांपुढे जातो. त्या मसुद्याला विधेयक म्हणतात.

आता आम्ही एका आमदाराची माहिती सांगणार आहोत. त्यांचे नाव विठ्ठल सखाराम पागे. लोक त्यांना वि. स. पागे म्हणून ओळखत. सांगली जिल्ह्यात तासगाव तालुका आहे. त्या तालुक्यातले विसापूर हे त्यांचे गाव. त्यांचा जन्म १९१० सालचा. ते वकिली शिकले. स्वातंत्र्याच्या चळवळीत पडले. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले. त्याच वर्षी ते विधानपरिषदेचे सभापती झाले, आणि १९७८ पर्यंत त्या खुर्चीवर राहिले. १९९० साली ते वारले.

सभापती म्हणजे सभागृह चालवणारा. कुणी बोलायचे, किती वेळ बोलायचे, हे तो ठरवतो. त्याने कुणाची बाजू घ्यायची नसते. तो मंत्री नसतो. त्याच्या हातात कुठले खाते नसते, पैसा नसतो. मग असा माणूस गोरगरिबांसाठी काय करणार? मंडळी, इथेच पाहण्यासारखे आहे. पागे यांनी एकच गोष्ट मनात धरली, आणि ती वर्षानुवर्षे सोडली नाही. ती गोष्ट अशी : खेड्यात ज्याला अंगमेहनतीचे काम हवे, त्याला ते मिळालेच पाहिजे.

तुम्ही म्हणाल, यात नवे काय? दुष्काळ पडला की सरकार कामे काढतेच की! खरे आहे. दुष्काळी कामे इंग्रजांच्या राज्यातही निघत. पण ती केव्हा काढायची, कुठे काढायची, केव्हा बंद करायची, हे सरकार ठरवी. दुष्काळ जाहीर झाला तर काम. नाही झाला तर नाही. आणि मजुराचे पोट तर दर साली उन्हाळ्यात रिकामे. शेतात काम नसले की कुठे जायचे? एक तर सावकाराच्या दारी, नाही तर गाव सोडून परमुलखात. पागे यांचे म्हणणे निराळे होते. सरकारने मनात आले म्हणून काम द्यायचे, असे नको. मजुराने मागितले म्हणून द्यायचे. पहिल्यात उपकार आहे, दुसऱ्यात हक्क आहे.

बोलणे सोपे, करणे कठीण. इतक्या लोकांना काम द्यायला पैसा किती लागेल, याचा अंदाज कुणालाच नव्हता. म्हणून आधी लहान प्रमाणात करून पाहायचे ठरले. १९७० च्या आधी पागे यांच्याच तासगाव तालुक्यात काही गावांत हा प्रयोग झाला. पागे आपले म्हणणे मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्याकडे मांडत राहिले. नाईक यांनाही ते पटले. १९७२ साली ही योजना साऱ्या राज्यातल्या खेड्यांसाठी जाहीर झाली. तिचे नाव रोजगार हमी योजना.

आणि त्याच साली मोठा दुष्काळ आला. जुन्या माणसांना तो अजून आठवतो. तांबडा मिलो खाऊन, सुकडी खाऊन लोकांनी दिवस काढले. गावोगाव खडी फोडायची कामे निघाली. पाझर तलाव निघाले. १९७३ च्या मे महिन्यात राज्यात जवळजवळ ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. नवी योजना तेवढ्यापुरती मागे पडली. पण एक गोष्ट साऱ्यांना दिसली. गरज केवढी मोठी आहे ते दिसले, आणि एवढ्या लोकांना काम देता येते हेही दिसले. दुष्काळ सरल्यावर १९७४ पासून हमी योजनेचे काम पुन्हा धरले गेले.

आता पैशाची गोष्ट. १९७५ साली व्यवसाय कर आला. नोकरी करणारा, धंदा करणारा माणूस हा कर भरतो. म्हणजे मुंबईच्या कचेरीतल्या कारकुनाच्या पगारातून थोडे पैसे कापले जात, आणि ते दुष्काळी भागातल्या मजुराच्या हाती पडत. तेवढीच भर सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची. शहराने खेड्यासाठी काही द्यावे, हा त्यातला विचार होता.

पण योजना म्हणजे कायदा नव्हे. योजना आज असते, उद्या सरकार ती गुंडाळून ठेवू शकते. म्हणून कायदा हवा होता. १९७७ साली विधेयक आले. ते दोन्ही सभागृहांनी मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती मिळाली. २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदा अंमलात आला. त्यात काय होते ते नीट वाचा :

१. खेड्यातल्या प्रौढ माणसाने अंगमेहनतीचे काम मागितले, तर सरकारने १५ दिवसांच्या आत द्यायचे.

२. काम देता आले नाही, तर बेकारी भत्ता द्यायचा. तेव्हा तो दिवसाला निदान १ रुपया होता.

३. मजुरी कामाच्या मापाने द्यायची. एकाच कामाला बाईला कमी आणि पुरुषाला जास्त, असे चालणार नाही.

४. कामे उपयोगाची हवीत. पाझर तलाव, नालाबांध, बांधबंदिस्ती, रस्ते. खर्चातला निदान ६० टक्के भाग मजुरीवर गेला पाहिजे.

याला अटीही होत्या. अमुकच काम द्या, असे मजुराला म्हणता येत नसे. आणि नवे काम काढायचे तर निदान ५० मजूर लागत. म्हणून एकट्याने तहसील कचेरीत जाऊन भागत नसे. वस्तीतल्या माणसांनी मिळून जावे लागे. जिथे लोक मिळून गेले, तिथे काम लवकर निघाले.

या कामांवर बायांची संख्या मोठी असे. पुष्कळ बायांच्या हाती स्वतःच्या घामाचा पैसा पहिल्यांदा आला तो या कामावर. आणि एक गोष्ट आम्ही शाळेच्या हजेरीवरून सांगतो. दिवाळी झाली की ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुले वर्गातून नाहीशी होत. ज्या साली गावाजवळ हमीचे काम निघे, त्या साली त्यातली बरीच मुले शाळेत टिकत. आईबाप गावात राहिले तर पोर शाळेत राहते. त्याला निराळा उपदेश लागत नाही.

सारे चांगलेच झाले असे नाही. कुठे हजेरीपटावर खोटी नावे चढली. कुठे मुकादमाने माप कमी धरले. कुठे मजुरी महिना महिना अडकून राहिली. कायदा कागदावर असतो. तो गावात उतरायचा तर गावची माणसे जागी लागतात.

पुढे या कायद्याची कीर्ती साऱ्या देशात गेली. २००५ साली संसदेने सबंध देशासाठी रोजगार हमीचा कायदा केला. त्यात खेड्यातल्या प्रत्येक कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांच्या कामाची हमी होती. महाराष्ट्राचा अनुभव तेव्हा उपयोगी पडला. असे नियम वेळोवेळी बदलतात. किती दिवस, किती मजुरी, अर्ज कुठे, हे आपल्या ग्रामपंचायतीत जाऊन चालू सालचे विचारून घ्यावे.

आता आपण लिहायला वाचायला शिकलो, त्याचा इथे काय उपयोग? फार उपयोग. वरचा पहिला नियम पुन्हा बघा. त्यात १५ दिवस म्हटले आहे. ते कुठल्या दिवसापासून मोजायचे? अर्ज दिला त्या दिवसापासून. आणि अर्ज कोणत्या दिवशी दिला याचा पुरावा काय? तोंडी सांगितले तर पुरावा नाही. म्हणून काम मागायचे ते लिहून मागावे. अर्जाची पोच घ्यावी. पोचेवर तारीख आहे का, ते स्वतः वाचावे. हजेरीपटावर अंगठा उठवू नये. आपले नाव वाचावे, आपले दिवस मोजावे, मग सही करावी. मुकादम म्हणेल, "कर की सही, उशीर होतोय." त्याला शांतपणे सांगावे, "वाचून घेतो, मग करतो."

पागे यांच्या हाती खाते नव्हते, तरी एक गोष्ट धरून ते दहा-पंधरा वर्षे चिकटून राहिले. म्हणून मत मागायला आमदार येईल तेव्हा त्याला वरकड कामे जरूर सांगा. पण एक प्रश्नही विचारा : "दादा, तुम्ही सभागृहात कोणती एक गोष्ट धरून ठेवणार आहात?" उत्तर मिळाले तर वहीत लिहून ठेवा, तारीख घालून. पाच वर्षांनी ते परत येतील, तेव्हा वही काढून वाचून दाखवा.