पाण्यात हाक पोचत नाही

डिसेंबर २०१७ मध्ये मेक्सिको सिटीच्या जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेत कांचनमाला पांडे यांनी २०० मीटर मिडलेचं सुवर्णपदक जिंकलं. गाव अमरावती, नोकरी नागपूरच्या रिझर्व्ह बँकेत, आणि डोळ्यांना काहीच दिसत नाही. बातम्या जिद्दीच्या झाल्या. जिद्द होतीच, नाही कोण म्हणतं! पण ज्याला समोरचा हात दिसत नाही त्याला बटरफ्लायचा हात शिकवतात तरी कसा, हे फारसं कुणी विचारलं नाही. आणि शिकवणाऱ्याला कुणी शिकवलं, हे तर नाहीच.

मिडलेमध्ये बटरफ्लाय, बॅकस्ट्रोक, ब्रेस्टस्ट्रोक आणि फ्रीस्टाइल असा क्रम असतो. ५० मीटरच्या तलावात दर भिंतीला शैली बदलते. कांचनमाला यांचा गट एस-११, म्हणजे पूर्ण किंवा जवळजवळ अंध जलतरणपटूंचा. कुणाला थोडा उजेड जाणवत असला तर त्याचा फायदा मिळू नये म्हणून सगळ्यांनाच काळे केलेले गॉगल घालावे लागतात. भिंत दिसत नाही. कानांवर टोपी, डोकं पाण्यात. काठावरून कितीही ओरडा, हाक पोचत नाही. म्हणून दोन्ही टोकांना एकेक माणूस उभा असतो. त्याच्या हातात लांब काठी आणि काठीच्या टोकाला मऊ गोळा. भिंत जवळ आली की तो गोळा पोहणाऱ्याच्या डोक्यावर किंवा पाठीवर टेकवायचा. या काठीवाल्या माणसाला टॅपर म्हणतात, आणि एस-११ मध्ये तो नियमानेच सक्तीचा.

ऐकायला सोपं वाटतं. काठी क्षणभर आधी टेकली तर हात भिंतीला पोचत नाही आणि गती मोडते. उशिरा टेकली तर बोटं किंवा डोकं भिंतीवर आपटतं. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये डोकं वर-खाली होतं, तेव्हा काठीही त्या लयीतच यावी लागते. बॅकस्ट्रोकला पोहणारी उताणी, तिथला अंदाज पुन्हा वेगळा. त्या एका माणसाचा हात किती लांब जातो, दमल्यावर तो किती आखडतो, हे टॅपरला पाठ असावं लागतं. दोघांचा सराव एकत्रच व्हावा लागतो. आयत्या वेळी काठावरच्या कुणाच्याही हाती काठी देऊन चालत नाही.

हे झालं शर्यतीचं. पहिल्यांदा पाण्यात उतरणाऱ्या अंध मुलीचं काय? नागपुरात एप्रिल-मे मध्ये तरण तलावांवर उन्हाळी शिबिरांची झुंबड उडते. प्रशिक्षक काठावर उभा राहून हात हवेत फिरवून दाखवतो आणि पोरं बघून शिकतात. अंध मुलीसाठी तो पाण्यात उतरला पाहिजे. तिला बाकावर पालथं झोपवून आधी कोरड्यातच तिचा हात धरून फिरवायचा, मग आपला फिरता हात तिला चाचपू द्यायचा. लेनचा दोर हाताला घासत राहिला की रेघ सुटत नाही. तलावाची लांबी हाताच्या फेऱ्या मोजून अंगात भिनवायची. गर्दीच्या तासाला हे जमणं कठीण. पाणी उडण्याचे आणि शिट्ट्यांचे आवाज घुमत असतात, आणि जिला कानांवर विसंबायचं तिचे कानच बधिर होतात.

जगाने यावर विचार केलेला नाही असं नाही. १९४९ मध्ये लंडनच्या हॅलिविक या अपंग मुलींच्या शाळेत जेम्स मॅकमिलन या इंजिनिअरने पोहणं शिकवायला सुरुवात केली. द्रवगतिशास्त्र हा त्याचा विषय. शरीराचा आकार किंवा घनता बदलली की पाण्यात ते कसं कलंडतं, याचा त्याने हिशेब मांडला आणि त्यातून दहा टप्प्यांची पद्धत उभी राहिली. हवेचे फुगे किंवा ट्यूब नाहीत. एका शिकणाऱ्यामागे एक शिकवणारा. आधी पाण्याशी मन जुळवायचं, मग कलंडलं तर सरळ कसं व्हायचं ते शिकायचं. हात मारणं सगळ्यात शेवटी. आपल्याकडे नेमका उलटा क्रम असतो, तिथेच माझी तक्रार आहे.

अमेरिकेत तर अशा शिकवणीने गळ टाकण्यापर्यंत मजल मारली. २००५ मध्ये वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात जखमी सैनिकांना फ्लाय फिशिंग शिकवणारा प्रोजेक्ट हीलिंग वॉटर्स सुरू झाला. हात गमावलेल्या माणसाने दोर कसा फेकायचा, हे शिकवायला आधी शिकवणाऱ्याने नव्याने शिकावं लागतं. आपल्या मुरलीकांत पेटकरांचं पोहणंही उपचार म्हणूनच सुरू झालं होतं. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेल्या या सांगलीकडच्या जवानाने १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण जिंकलं. पदक इतिहासात गेलं. शिकवण्याची रीत मात्र पुढच्या प्रशिक्षकाच्या हाती पडेल अशी व्यवस्था झाली नाही.

अडचण कुठे आहे ते कागदावरही दिसतं. भारतीय पुनर्वास परिषद १९९२ च्या कायद्याने चालते. तिच्या यादीत नोंदणीकृत व्यावसायिकांचे १६ प्रकार आहेत. त्यात विशेष शिक्षक आहे, वाक्-उपचारतज्ज्ञ आहे, पांढरी काठी घेऊन चालणं शिकवणाराही आहे. खेळाचा प्रशिक्षक नाही. उलट बाजूला पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१ पासून प्रशिक्षक घडवते. पण अंधत्व, सेरेब्रल पाल्सी हे तिचं मूळ क्षेत्र नव्हे. एकाला अपंगत्व कळतं, पाणी कळत नाही. दुसऱ्याला पाणी कळतं, अपंगत्व नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ३० तर अभ्यासक्रमांची पुनर्रचना करून खेळात सर्वांना सामावून घ्या, असं स्पष्ट सांगतं.

पैशाचं दुखणं वेगळंच. जुलै २०१७ मध्ये बर्लिनच्या स्पर्धेत सरकारी मदत वेळेवर न पोचल्याने कांचनमाला यांना उधारीवर दिवस काढावे लागले. तरी त्यांनी तिथून रौप्य आणलं. अंध जलतरणपटूच्या प्रवासखर्चात टॅपरचं तिकीट धरावंच लागतं, ही गोष्ट मंजुरीच्या टेबलावर अजून समजावून सांगावी लागते.

विदर्भाला यातलं निम्मं सामान आयतं आहे. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या पथकाने तिथे कबड्डी खेळून दाखवली. शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय त्याच्या हाताशी आहे. नागपुरात दिव्यांगांसाठीचं संयुक्त प्रादेशिक केंद्र आहे. या दोघांनी मिळून उन्हाळी शिबिरांच्या आधी, मार्चमध्ये, जलतरण प्रशिक्षकांसाठी छोटा अभ्यासक्रम घ्यायला हरकत नसावी. शिकवायला अंध जलतरणपटूच बोलवावेत, मानधन देऊन. पहिल्या दिवशी प्रशिक्षकांच्याच डोळ्यांवर काळे गॉगल चढवून त्यांना उथळ पाण्यात उतरवावं, आणि भिंत कुठे आहे ते विचारावं.