एक चाचणी, दोन निकाल

संगणकाचे प्रोग्रॅम रचणारे आपल्या कामाची परीक्षा संगणकाकडूनच घेववितात. तीच चाचणी एका यंत्रावर उत्तीर्ण आणि दुसऱ्यावर अनुत्तीर्ण कां होते, याचा आम्ही येथें विचार करूं.

दोष बहुधा यंत्राचा नसून, न सांगतां गृहीत धरलेल्या परिस्थितीचा असतो. मॅक संगणक सामान्यतः फाइलच्या नांवांतील लहानमोठीं इंग्रजी अक्षरें एकच मानितो. लिनक्स तीं भिन्न मानितें. म्हणून एकावर सांपडणारी फाइल दुसऱ्यावर सांपडत नाहीं. अनेक सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेवर चालतात. भारतांत पहाटेचे ४ वाजले असतां तेथें आदल्या दिवसाचीच तारीख असते. पायथन भाषेंत तर २०१२ सालच्या ३.३ आवृत्तीपासून ‘सेट’ नामक संग्रहांतील शब्दांचा क्रम दर खेपेस बदलूं शकतो.

यास्तव चाचणीस तारीख नेमून द्यावी, क्रम लावून मगच तुलना करावी, आणि सर्वांनीं ती एकाच ठरावीक परिस्थितींत चालवावी. डॉकरसारखीं साधनें याच कामीं येतात.

‘माझ्या यंत्रावर तर चालतें’ असें म्हणून निकाल झिडकारण्याची संवय जडली, म्हणजे खरा दोष दाखविणाऱ्या चाचणीवरही कोणी विश्वास ठेवीत नाहीं. आणि तो दोष अखेर ग्राहकाच्याच पदरीं पडतो.