रंधायंत्रातील सर्पिल कटर ब्लॉक : एका सुधारणेची मीमांसा

लाकूड तासण्याच्या यंत्रांत दोन प्रकार सर्वत्र आढळतात. फळीची एक बाजू व कड सरळ करणारा सरफेस रंधा हा पहिला आणि फळी एकसारख्या जाडीची करणारा थिकनेसर हा दुसरा. दोहोंचे मर्म एकच : वेगाने फिरणारा दंडगोल व त्यात बसविलेली लांब, सरळ पाती. या दंडगोलास कारागीर कटर ब्लॉक म्हणतात. सरळ पात्यांचा ब्लॉक काढून त्या जागी कार्बाइडच्या लहान चौकोनी पात्यांचा सर्पिल ब्लॉक बसविण्याची प्रथा अलीकडे वाढत आहे. तिच्यापासून नेमका कोणता लाभ होतो व कोणता होत नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

ठाण्याच्या उत्तरेस, कापूरबावडीहून काशेळीकडे जाणाऱ्या जुन्या आग्रा रस्त्यावरील बाळकुम परिसर हे या प्रश्नाचे चांगले उदाहरण ठरेल. कारखान्यांचा म्हणून ओळखला जाणारा हा भाग आता उंच निवासी इमारतींनी व्यापला आहे. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 अन्वये औद्योगिक क्षेत्रात दिवसा 75 डेसिबल ही मर्यादा आहे. निवासी क्षेत्रात ती दिवसा 55 व रात्री 45 डेसिबल आहे. अशा वस्तीलगत सुतारशाळा टिकून राहावयाची असेल, तर यंत्राचा आवाज हा केवळ सोयीचा विषय न राहता उपजीविकेचा विषय होतो. यंत्रापाशी दिवसभर उभ्या राहणाऱ्या कारागिराच्या श्रवणशक्तीचा प्रश्न तर त्याहूनही निकडीचा आहे.

प्रथम आवाजाचे कारण पाहू. मिनिटाला 5000 फेरे घेणाऱ्या ब्लॉकमध्ये तीन पाती असल्यास मिनिटाला 15,000, म्हणजे सेकंदाला 250 आघात होतात. सरळ पाते फळीच्या संपूर्ण रुंदीवर एकाच क्षणी आदळते. शिवाय ते टेबलाच्या ओठाजवळून जाताना मधली हवा एकदम दाबली जाते. म्हणूनच लाकूड नसतानाही यंत्र भोंग्यासारखे वाजते. सर्पिल रचनेत पाती एकामागून एक लाकडाला भिडतात. एकूण काम तेवढेच राहते. परंतु आघात कालामध्ये विभागला जातो. आवाज कमी होण्याचे हे मुख्य कारण होय. तथापि घरघर करणारे बेअरिंग अथवा भुसा ओढणारा पंखा यांच्या आवाजावर या बदलाचा काहीही परिणाम होत नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

दुसरा विषय पृष्ठभागाच्या गुळगुळीतपणाचा. वरील यंत्रात फळी मिनिटाला 6 मीटर वेगाने सरकत असेल, तर प्रत्येक पात्याच्या वाट्यास 0.4 मिलिमीटर लांबीची लाट येते. ब्लॉकचा व्यास 100 मिलिमीटर धरल्यास तिची खोली सुमारे 0.0004 मिलिमीटर भरते. परंतु तीनांपैकी एक पाते किंचित वर राहिले, की इतर दोघांच्या खुणा पुसल्या जातात. मग लाटेची लांबी 1.2 मिलिमीटर आणि खोली नऊपट, म्हणजे सुमारे 0.0036 मिलिमीटर होते. एवढ्या सूक्ष्म प्रमाणात हाताने पाती समपातळीत बसविणे व्यवहारात अशक्यप्राय आहे. म्हणून तीन पात्यांचे यंत्र बहुधा एका पात्याचेच काम करीत असते. सर्पिल ब्लॉकमध्ये पात्यांची बैठक मुळातच यंत्रावर कोरलेली असल्याने उंची लावण्याचा खटाटोप उरत नाही. मात्र चार रांगा म्हणजे चार पाती, असे समीकरण मांडणे चूक ठरेल. एका रांगेतील पात्यांमधील मोकळी जागा पुढील रांग भरून काढते. यास्तव एकाच वर्तुळमार्गावर प्रत्यक्ष किती पाती येतात, हे पाहावे.

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. काही ब्लॉकांत रांग सर्पिल असली तरी प्रत्येक पात्याची धार आसाला समांतर असते. तेथे आघाताची विभागणी होते. पण काप सरळच राहतो. धारही तिरपी असेल तरच पाते लाकूड तिरकस कापीत जाते. शिसव, ऐन यांसारख्या आडव्या-तिडव्या तंतूंच्या लाकडात खपल्या निघण्याचे प्रमाण या तिरप्या कापामुळे घटते.

तिसरा विषय धारेच्या आयुष्याचा. सागवानात सिलिका असते व तिच्यामुळे पोलादी धार लवकर बोथट होते. 1920 च्या दशकात जर्मनीत विकसित झालेले टंगस्टन कार्बाइड हे पोलादाहून कितीतरी कठीण असल्याने अशा लाकडात अधिक काळ टिकते. चौकोनी पात्याची एक धार गेली की ते फिरवून दुसरी पुढे आणता येते. अशा चार धारा मिळतात. परंतु कार्बाइड ठिसूळ असते. पाडलेल्या जुन्या घरांतील सागवानात खिळा दडलेला असल्यास पात्याची कड उडते. असे झाले तरी पूर्ण लांबीचे पाते वाया न जाता एक-दोन चौकोनच बदलावे लागतात.

या लाभांची किंमतही मोजावी लागते. कार्बाइडची धार ताज्या पोलादी धारेइतकी तीक्ष्ण नसते. म्हणून फळी ढकलण्यास अधिक जोर लागतो व मोटारीवर भार वाढतो. दुर्बळ मोटारीच्या यंत्रात काप उथळ ठेवणे भाग पडते. ढलपे आखूड निघत असल्यामुळे ते ओढून घेण्याची व्यवस्था चांगली हवी. पाते फिरविताना बैठकीत भुशाचा कण राहिल्यास ते उंच बसते आणि प्रत्येक फळीवर रेघ उमटते. ब्लॉक बदलताना दांड्याचा व्यास, बेअरिंगची जागा व ब्लॉकचा तोल तपासावा. सरफेस रंध्यात मागील टेबल आणि थिकनेसरमध्ये दाबपट्टी नव्याने जुळवावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, शांत चालणारे यंत्र सुरक्षित असतेच असे नाही. बोटांना सर्पिल ब्लॉकचा धोका सरळ पात्यांइतकाच आहे. संरक्षक झाकण व ढकलकाठी यांची जागा तो घेऊ शकत नाही.

सारांश, ही सुधारणा सर्वांना सारखी फलदायी नाही. दिवसाकाठी चार-सहा सरळ तंतूंच्या फळ्या तासणाऱ्यास उत्तम धार लावलेली पोलादी पाती पुरेशी आहेत. आवाजाचीच अडचण असल्यास टेबलाच्या ओठांना दातेरी खाचा पाडण्याचा स्वस्त उपायही उपलब्ध आहे. सागवान व शिसव यांवर सतत काम करणाऱ्या आणि भोवती वस्ती असलेल्या सुतारशाळेस मात्र सर्पिल ब्लॉकचा खर्च सार्थ ठरण्याचा संभव अधिक आहे. निर्णयापूर्वी एकाच फळीवर, एकाच कापाने, ब्लॉक बदलण्याच्या आधी व नंतर तीन मापे घ्यावीत : कारागिराच्या कानाजवळील व कुंपणापाशी येणारा आवाज, मोटारीने घेतलेला विद्युतप्रवाह आणि पृष्ठावरील लाटांची लांबी. पदव्युत्तर विद्यार्थ्याला एका दुपारी करता येण्याजोगा हा प्रयोग आहे, आणि एखाद्या सुतारशाळेचे भवितव्य ठरविण्यास तो उपयोगी पडू शकतो.