कर्करुग्णाची वेदना ही जबाबदारी कोणाची?

तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्याचे नार्नूर महाराष्ट्राच्या सीमेजवळ आहे. त्या भागातील कित्येक घरांत आजही मराठी बोलली जाते. १९५६ साली राज्य बदलले, २०१४ साली पुन्हा बदलले. तेथील कर्करुग्णाची पायपीट मात्र तीच राहिली. हैदराबादचे एम. एन. जे. कर्करोग रुग्णालय गाठावयाचे तर सुमारे तीनशे किलोमीटर जावे लागते. आमच्या कोकणातला रुग्ण परळच्या टाटा रुग्णालयाकडे जातो, तो याच वाटेचा वाटसरू. शस्त्रक्रिया होते, किरणोपचार होतात आणि एके दिवशी रुग्णाला घरी न्यावयास सांगितले जाते. पुढे काय?

अपरात्री वेदना असह्य झाली की घरची माणसे जवळच्या डॉक्टरांकडे धावतात. मॉर्फिन किती व केव्हा द्यावे, त्यामुळे होणारा मलावरोध कसा टाळावा, चिघळलेल्या जखमेची दुर्गंधी कशी आवरावी, हे त्यांना बहुधा कोणी शिकविलेलेच नसते. कर्करोगतज्ज्ञ गाठ जाणतो, भूलतज्ज्ञ वेदना जाणतो. रुग्ण दोघांच्या मधल्या पडवीत कण्हत पडलेला असतो.

डॉ. सिसिली साँडर्स प्रथम परिचारिका, मग रुग्णालयातील समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर झाल्या. त्या तिहेरी अनुभवातून १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हे सेवागृह उभे राहिले. मुंबईत वांद्र्याला १९८६ साली शांती अवेदना सदन सुरू झाले. वेदना हलकी करून रुग्णाला व कुटुंबाला आधार देणाऱ्या या उपशामक सेवेला भारतीय वैद्यक परिषदेने २०१० साली पदव्युत्तर विषयाची मान्यता दिली. २०१४ साली अमली पदार्थांचा कायदा दुरुस्त होऊन मॉर्फिनची वाट सुकर झाली. परंतु चिठ्ठी लिहिणाऱ्याला ज्ञान नसेल, तर औषध कपाटातच राहावयाचे.

मूठभर विशेषज्ञ गावोगाव पुरे पडणार नाहीत. म्हणून शल्यविशारद, स्त्रीरोगतज्ज्ञ, प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकारी, या सर्वांना उपशामक विभागात काही आठवडे प्रत्यक्ष काम करावयास लावावे. आणि उपशामक सेवेतील डॉक्टरांनीही कर्करोग विभागात उमेदवारी करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. यासाठी नव्या इमारती लागत नाहीत. लागतो तो वैद्यकीय महाविद्यालये व आरोग्य खाते यांचा निश्चय.

रोग बरा करणे दर वेळी वैद्याच्या हाती नसते. वेदना कमी करणे पुष्कळदा असते. ते शिकविण्याची सक्ती सरकारने आता करावी.