किल्ला पाहिलात, खालचं चर्च पाहिलंत का?

अलिबागहून निघून रेवदंड्याची खाडी ओलांडली आणि मुरूडच्या रस्त्याला लागलात, की उजव्या हाताला समुद्रात घुसलेला डोंगर दिसतो. तो कोर्लईचा किल्ला. सुट्टीच्या दिवसांत मुंबई-पुण्याची मंडळी येतात, दीपगृह पाहतात, किल्ला चढतात, मासळीचं ताट जेवतात आणि काशीदकडे पळतात. पायथ्याच्या गावात माऊंट कार्मेल चर्च आहे, हे त्यांतल्या किती जणांना ठाऊक असतं?

आणि त्यांचं कशाला, वाचकहो, आपल्यालाच किती ठाऊक आहे? 'ते ख्रिस्ती लोकांचं' म्हणून आपण ते बाजूला ठेवलेलं. चूक इथेच होते. १५९४ साली पोर्तुगीजांनी निजामशाहीकडून हा गड घेतला. १७४० साली तो मराठ्यांकडे आला. पोर्तुगीज गेले, पण त्यांच्या आश्रयाने राहिलेली गरीब ख्रिस्ती कुटुंबं गेली नाहीत. ती इथेच राहिली, शेतात राबली, इथलीच झाली. त्यांची बोली अजून जिवंत आहे. 'नो लिंग' म्हणजे 'आमची भाषा', असं ती मंडळी तिला म्हणतात. शब्द बरेचसे पोर्तुगीज, पण वाक्याची घडण पुष्कळशी मराठी! बोलणारी माणसं हजाराच्या आसपास. शाळा मराठी, चर्चमधली प्रार्थनाही आता मराठीच, घरात मात्र ही बोली. पावणेतीनशे वर्षांवर ती टिकली, कारण वस्ती चर्चला धरून एकत्र राहिली. तेव्हा तिथे जायचं ते नुसत्या दगड-चुन्यासाठी नव्हे.

उलटी बाजूही बघा. १७३९ च्या वसई मोहिमेनंतर चर्चच्या घंटा मराठ्यांनी देवळांना वाहिल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात एक आहे. वाईजवळ मेणवलीला, नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या घाटावर दुसरी. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आणि १७०७ हे साल आहे. ती आपण जाऊन पाहतो, हात लावून येतो. मग चर्चच्या दारात पाऊल का अडखळतं? आत गेलं तर चालेल का, चपला काढायच्या का, विचारायचं कुणाला, हेच कळत नाही म्हणून. एका पाटीचं काम आहे.

इंग्लंडात खेडोपाडी शेकडो वर्षांची चर्च आहेत आणि प्रार्थनेला माणसं थोडी. ओस पडलेल्या चर्चसाठी तिथे १९६९ साली एक निधी उभा राहिला. आज त्या संस्थेकडे साडेतीनशेच्या वर चर्च आहेत. पुष्कळशी रोज उघडी. कुलूप असलंच, तर चावी कोणाकडे मिळेल ते दारावर लिहिलेलं. आपल्याकडे गुरवाच्या घरी असते ना, तसंच. चोरीचं काय म्हणाल, तर तिथे विमा कंपनीच सांगते की ये-जा असलेलं चर्च बंद चर्चपेक्षा सुरक्षित.

कोर्लईचं चर्च मात्र ओस नाही, नांदतं आहे. म्हणून सरपंच मंडळींनी एक ध्यानात ठेवावं: हा निर्णय ग्रामपंचायतीचा नाही. चर्च मुंबई महाधर्मप्रांतातलं. फादर आणि वस्तीतली वडीलधारी हो म्हणाली, तरच पुढचं. वेळ त्यांनीच ठरवायची. मिस्सा चालू असेल, लग्न किंवा मयत असेल, तर पाहुण्याने बाहेर थांबायचं. पंचायतीने पाहायचं ते दाराबाहेरचं: गाड्यांना जागा, शौचालय, कचरा. विशेषतः शौचालय. पाहुणा येतो आणि त्रास शेजारच्या बायाबापड्यांना, असं नको.

डागडुजीचाही एक इशारा. जांभ्याच्या जुन्या भिंतीला चुन्याचा गिलावा असतो. त्यावर हौसेने सिमेंट मारलं की ओल आत कोंडते आणि दगड भुसभुशीत होतो. आपल्या कितीतरी देवळांची अशीच वाट लागली आहे.

शेतकऱ्याला यात काय? पाहुणा गावात तासभर रेंगाळला, तर शहाळं, कोकम, पापड विकला जातो. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० पासून आहे. घरी पाहुणा ठेवायचा असेल त्याने ते वाचावं.

सुरुवात लहान करा. भात झोडून झालं की दिवाळीनंतर आठवड्यातली एक दुपार. बोली जाणणारा गावातलाच एखादा मुलगा किंवा मुलगी दाराशी उभी राहू द्या, आणि त्या कामाचे चार पैसे त्यांना मिळू द्या.